फायनल, मॅट्रिक आणि खाडीपलीकडची मुंबई

सप्टेंबर १८९५ ते नोव्हेंबर १८९६ या चौदा महिन्यांत तीन मुलं जन्माला आली. एक पेण तालुक्यातल्या गागोद्यात, दुसरं महाडजवळच्या नाते गावात. तिसरं जन्मलं मुंबईत, पण त्याचं नाव पुढे अलिबागजवळच्या किहीमशी कायमचं जोडलं गेलं. पहिला मुलगा इंटरच्या परीक्षेला निघाला आणि वाटेत उतरून दुसऱ्याच गाडीत बसला. दुसरा मॅट्रिकला अख्ख्या विद्यापीठात पहिला आला. तिसरा मॅट्रिकला कसाबसा तरला आणि कॉलेजच्या पहिल्याच वर्षात गळाला. विनोबा भावे, चिंतामणराव देशमुख आणि सलीम अली. तिघांची मॅट्रिक १९१२-१३च्या आगेमागे, आणि परीक्षा घेणारं विद्यापीठही एकच, मुंबईचं.

दहावी-बारावीच्या निकालानंतर गावोगावी मार्गदर्शन मेळावे होतात. तिथे अशी नावं फार सोयीनं वापरली जातात. कोणी विनोबांचा दाखला देऊन डिगरीला काय जाळायचंय म्हणतो, कोणी देशमुखांचा दाखला देऊन पहिल्या नंबराचा आग्रह धरतो, तर कोणी सलीम अलींचं नाव घेऊन आवडीचं करा म्हणतो. तिघांचेही दाखले खरे आहेत, पण अर्धवट. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘काय शिकावं’ हा प्रश्न दीडशे वर्षं दुसऱ्या क्रमांकाचा राहिला. पहिला प्रश्न असायचा तो कुठे राहावं आणि जेवणाचे पैसे कोण देणार, हा.

आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० साली खालसा झालं आणि १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि पुढल्या दोन वर्षांत मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. त्या काळच्या शाळेची शिडी आजच्यापेक्षा वेगळी होती. मराठी चौथीपर्यंत सगळे एकत्र. तिथे रस्ता फुटायचा. घरची परिस्थिती बरी असली, तालुक्याच्या गावी कोणी नातेवाईक असला, तर मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जायचा आणि पुढे सात वर्षं रेटून मॅट्रिकला बसायचा. नाहीतर गावच्याच मराठी शाळेत थांबून व्हर्नाक्युलर फायनल द्यायची. फायनल झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे, तलाठ्याची किंवा कारकुनाची जागा मिळे. ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आलेला तो ‘ट्रेंड मास्तर’, त्याचा मान आणि पगार दोन्ही वरचे. मॅट्रिक झालेल्याला मुंबईतल्या कचेऱ्या, रेल्वे, पोस्ट आणि कॉलेजचा दरवाजा खुला होई.

म्हणजे पोरगं नऊ-दहा वर्षांचं असतानाच त्याच्या आयुष्याचा फाटा ठरे, आणि तो ठरवणारा सहसा बाप नसे. मराठी शाळेचा हेडमास्तर बापाला बोलावून सांगे, ‘पोरगं हुशार आहे, इंग्रजीला घाला.’ त्यावर बाप मुंबईतल्या मेहुण्याला पत्र टाकी. मेहुण्याच्या चाळीतल्या खोलीत आधीच सहा माणसं असत. त्याचं उत्तर काय येई, त्यावर मुलाचा ‘कल’ ठरे.

फायनलच्या वाटेचे हाल काय होते, याचा सर्वांत बोलका प्रसंग शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातला आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे (हे मुरूड दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं मुरूड वेगळं) १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून पायी साताऱ्याला गेले. बरोबर गावातली मुलं होती. चार दिवस चालून पोचल्यावर परीक्षा समितीच्या प्रमुखानं त्यांच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहिलं आणि वय भरत नाही म्हणून परत पाठवलं. वय खरं तर भरत होतं. पुढच्या वर्षी ते कोल्हापूर केंद्रावर बसले आणि पास झाले. महर्षी पदवी पुढची. त्या दिवशी तो घाट उतरून घरी जाणारा एक कोकणी पोरगा होता, आणि असे नाकारले गेलेले किती जण दुसऱ्या वर्षी पुन्हा निघाले नसतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

कुलाब्याच्या मुलांना घाटावर जायची गरज कमी पडे, कारण समोरच मुंबई होती. अलिबागच्या किनाऱ्यावरून रात्री तिचे दिवे दिसत. पण समुद्राचंही वेळापत्रक होतं. श्रीवर्धन, मुरूडकडच्या आगबोटी मे महिना सरता सरता बंद होत, त्या थेट पावसाळा संपल्यावर सुरू. शाळा-कॉलेजं उघडत जूनमध्ये. त्यामुळे निकालाची वाट न बघताच मुलाला मुंबईला पोचतं करायचं, किंवा मग चिखलातून पेण-पनवेलची वाट धरायची. रेवसची बोट खाडीच्या तोंडाशी असल्यानं पावसातही चालायची, आणि तिची किंमत १७ जुलै १९४७ रोजी कळली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गटारीला गावी निघालेले चाकरमानी त्यात होते. अलिबाग तालुक्यात त्या दिवसाचं नाव आजही दबक्या आवाजात निघतं. पोरांना मुंबईला धाडताना आयांच्या पोटात गोळा का येई, हे समजायला ती एक तारीख पुरे.

मुंबईची वाट सर्वांत आधी धरली ती बेने इस्रायलींनी. नवगाव, झिराड, किहीम, रोहे, पेण या गावांत तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली जाणारी ही मराठीभाषक ज्यू मंडळी अठराव्या शतकापासूनच कंपनीच्या पलटणीत आणि मुंबईत जाऊ लागली. मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांच्या मुलांनी मराठी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तिन्ही भाषा गिरवल्या. पुढे परक्याच्या शाळेवर अवलंबून राहायचं नाही, म्हणून हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. समाज लहान, जमीनजुमला बेताचा. तेव्हा शिक्षण हीच इस्टेट, हा त्यांचा हिशेब साधा होता.

या समाजातली जेरुशा झिराड म्हणजे त्या हिशेबाचं सर्वांत उजळ उदाहरण. आडनाव अलिबाग-रेवस रस्त्यावरच्या झिराड गावाचं, जन्म १८९० सालचा शिवमोग्याचा. बहीण जिवावरच्या दुखण्यातून मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली, तेव्हाच अकरा वर्षांच्या जेरुशानं डॉक्टर व्हायचं ठरवलं. म्हणजे आवड होती, ठाम होती. पण नुसत्या ठामपणावर काही घडलं नाही. आधी पुण्याच्या हुजूरपागेत वसतिगृह मिळालं. मग ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली एल. एम. अँड एस. झालं. लंडनला जायला टाटांच्या निधीतून कर्ज मिळालं आणि पुढे सरकारी शिष्यवृत्तीही. १९१९ साली त्या लंडन विद्यापीठाच्या एम. डी. झाल्या आणि १९२८ ते १९४७ त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. यातलं वसतिगृह किंवा कर्ज काढून टाका, आणि गोष्ट पुण्यात नाहीतर मुंबईत संपते.

मुरूडच्या राजवाड्याशी नातं असलेल्या अतिया फैजींना पैशाची ददात नव्हती. बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतिया १९०६ साली शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. मुसलमान घरातल्या अविवाहित मुलीनं एकटीनं विलायतेला शिकायला जाणं ही तेव्हा बातमीच होती. अभ्यासक्रम पुरा न करताच त्या वर्षभरानं परतल्या, पण तिथून बहिणींना लिहिलेली रोजनिशी उर्दू मासिकात छापली गेली आणि १९२१ साली ‘जमाना-ए-तहसील’ या नावानं पुस्तक झाली. पदवी नसलेल्या शिक्षणाचा इतका चोख हिशेब या किनाऱ्याशी जोडलेल्या दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल.

मार्क आहेत, पैशाचीही थोडी सोय आहे, तरी दार बंद, असंही होई. सावित्रीच्या खाडीवर दासगाव हे महाडचं जुनं बंदर. तिथल्या शाळेतल्या रामचंद्र बाबाजी मोरे या महार मुलानं लहानपणीच स्कॉलरशिपची परीक्षा जिंकली. महाडच्या इंग्रजी शाळेनं तरी प्रवेश नाकारला. पोरानं गप्प बसायचं सोडून वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. सरकारी ग्रँट धोक्यात येईल हे दिसल्यावर शाळेनं त्याला घेतलं खरं, पण वर्गात इतरांपासून वेगळं बसवलं. हेच आर. बी. मोरे पुढे मार्च १९२७च्या महाड परिषदेच्या संयोजकांपैकी एक. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पाण्याचा म्हणून शिकतो, पण तो उभा करणाऱ्यांतल्या एकाची पहिली लढाई शाळेच्या उंबऱ्यावर झाली होती. त्याच सुमारास, १९२५ साली, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. भाषणं करण्याआधी राहण्याची सोय लावणारा तो नेता होता.

आता पुन्हा ते तिघे.

विनोबांचं बालपण आजोबांजवळ गागोद्यात गेलं, शाळा-कॉलेज बडोद्यात. वडील नरहरराव कापडधंद्यातल्या तंत्रात रमणारे. मुलानं दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घ्यावी असं त्यांना वाटे. आईचं म्हणणं संस्कृत हवं. मुलानं शाळेत फ्रेंच घेतलं आणि संस्कृत घरी स्वतःच शिकला. विषय निवडताना आई-बापांत अशी ओढाताण आजही घराघरात होते, पण दोघांचंही मन राखणारी ही तोड सहसा कोणाला सुचत नाही. मग एक दिवस त्यांनी सगळी सर्टिफिकिटं आईदेखत चुलीत घातली. २५ मार्च १९१६ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. मेळाव्यातले वक्ते इथे थांबतात. पुढचं सांगत नाहीत, ते असं की १९१७ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकायला गेले, आणि ठरल्या तारखेला परतले. परीक्षा सोडलेल्या या माणसानं गुरू मात्र शोधून काढला, आणि शिस्त कॉलेजहून कडक लावून घेतली.

चिंतामणराव म्हणजे परीक्षा या प्रकाराचा जणू पुरावाच. वडील रोह्याचे वकील. १९१२च्या मॅट्रिकला पहिला नंबर, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. इतकं संस्कृत असलेल्या मुलानं केंब्रिजला घेतलं काय, तर निसर्गविज्ञान. १९१७ साली वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. १९१८ला आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३) आणि देशाचे अर्थमंत्री. म्हणजे शाळेत संस्कृत, कॉलेजात वनस्पती, आणि जन्मभर जमाखर्च! ‘साईड’ निवडताना रात्र-रात्र न झोपणाऱ्या पालकांनी हा आलेख एकदा भिंतीवर लावावा.

त्यांच्या आयुष्यातला खरा सल्ला मार्कांचा नव्हताच. लंडनमध्ये त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. आय. सी. एस. सोडून देशकार्यात पडावं का, असं या तरुणानं विचारलं. ज्या टिळकांनी अख्ख्या पिढीला सरकारशी भांडायला शिकवलं, त्यांनी सांगितलं की नोकरी सोडू नकोस, स्वराज्य येईल तेव्हा कारभाराचा हा अनुभव लागणार आहे. समोरच्या माणसाकडे पाहून दिलेला तो सल्ला होता. त्या माणसानं १९५२ची लोकसभा निवडणूक कुलाब्यातून जिंकली, १९५६ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, आणि लगेच विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद घेतलं.

सलीम अलींचा किस्सा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. पोरकं मूल, मामाकडे वाढलेलं. सेंट झेवियर्समध्ये गणितानं छळलं, म्हणून कॉलेज सोडून ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यावर गेले. परतल्यावर दावर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला लागले. झेवियर्सचे फादर ब्लाटर यांनी या मुलाचं पक्ष्यांचं वेड हेरलं आणि प्राणिशास्त्र घ्यायला लावलं. मग सकाळी दावर्स, नंतर झेवियर्स. पोटाचं आणि आवडीचं असं दोन्ही एकाच दिवसात. तरी रीतसर पदवी नसल्यानं सरकारी प्राणिसर्वेक्षणात नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची जागा मिळाली, ती बर्लिनला पक्षितज्ज्ञ श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० साली परत येईतो खर्चकपातीत गेली होती.

बेकार झालेले सलीम अली पत्नी तेहमिनाबरोबर किहीमला राहायला आले. मुंबईचं भाडं वाचावं हेच मुख्य कारण. तिथे सुगरणीच्या वसाहतीवर त्यांनी पावसाळाभर नजर ठेवली. नर घरटं अर्धं विणून लटकवून ठेवतो. मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. एका नराची अशी एकामागून एक बिऱ्हाडं होतात, हे त्यांनी तिथे बसून उलगडलं. तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि जगानं या माणसाची दखल घेतली. आवड फळाला आली हे खरंच. पण किहीमला बिनभाड्याचं छप्पर होतं आणि संसार ओढणारी बायको होती, हेही तितकंच खरं.

तिघांनाही काही ना काही आधार होता, आणि तो कुलाब्याच्या सर्वसाधारण कुळाच्या पोराला नव्हता. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतं न कसता संप चालवला. नेते नारायण नागू पाटील. त्या काळात घरात भाताचा दाणा नसे, लाकूडफाटा विकून दिवस काढत. अशा घरातल्या पोराला मॅट्रिकचा सल्ला काय देणार? त्याच नारायण नागूंचे चिरंजीव दत्ता पाटील यांच्या पुढाकारानं जनता शिक्षण मंडळ उभं राहिलं आणि १९६१ साली अलिबागला कॉलेज निघालं. ‘जे.एस.एम.’ हे नाव आज तालुक्यात कुणालाही विचारा. खोताच्या तावडीतून सुटलेल्या कुळाची मुलं घरची भाकरी बांधून एस. टी.नं कॉलेजला जाऊ लागली. या लेखापुरतं बोलायचं तर कुलाब्याच्या शिक्षणातली सर्वांत मोठी घटना हीच. मेहुण्याच्या पत्राची वाट बघणं संपलं, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो मुलींचा. कारण मुलाला एकवेळ मुंबईत ठेवत, मुलीला ठेवायला घरं धजत नसत.

१९७५ला नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, जुनी अकरावी इतिहासजमा झाली. १ जानेवारी १९८१ला कुलाब्याचा रायगड झाला. पाठोपाठ थळचा खतकारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर आलं. त्याच न्हाव्याला १९१०पासून खलाशी घडवणारी ‘रहमान’ ही प्रशिक्षण संस्था होतीच. आता किनाऱ्यावरच्या घरांत आयटीआयचे ट्रेड बोलले जाऊ लागले, फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट. आणि मार्कलिस्टच्या बरोबरीनं आणखी एक कागद जपला जाऊ लागला, तो म्हणजे प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्यावर नोकरीत हिस्सा मिळतो, तेव्हा काय शिकावं हे ठरवताना तो कागद कपाटातून आधी निघतो. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९च्या कायद्यानं निघालं, तेव्हा अभियांत्रिकीही जिल्ह्यातच आली.

२०१६ साली राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. प्रयत्न चांगला. पण मुरूडच्या मुलीचा कल ललित कलांकडे निघाला, तर जवळचं कला महाविद्यालय कुठे आणि तिनं तिथे राहायचं कुठे, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. अलिबागला २०२१-२२ पासून शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे. तिथले प्रवेश नीटच्या गुणवत्ता यादीनं होतात, म्हणून मराठवाड्यातला मुलगा अलिबागला येतो आणि अलिबागची मुलगी मराठवाड्यात जाऊ शकते. जिल्ह्याबाहेरच्या मुलांनी राहायला अलिबागला यायचं, ही या किनाऱ्याला नवी गोष्ट आहे.

तोंड मात्र अजून मुंबईकडेच. रत्नागिरीला २०१२ साली कोकण विभागीय मंडळ झालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. रायगडची दहावी-बारावी मुंबई मंडळातच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा उरणहून शिवडी अर्ध्या तासाच्या आत आली. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मुलाला तो सेतू गाठायलाच तीन-चार तास लागतात. त्याला अजून खोली लागते.

तेव्हा मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या रायगडकरांना एकच सांगणं आहे. जूनमध्ये गावाहून फोन येईल, ‘पोराला अमुक टक्के पडले, काय करावं?’ त्याला कोर्सची यादी वाचून दाखवण्याआधी त्याच्या राहण्या-जेवणाचं विचारा. जमलं तर गावच्या मंडळाच्या या वर्षीच्या वर्गणीतून एका मुलाचं आणि एका मुलीचं वसतिगृहाचं शुल्क भरा.